तूर्त

आमच्या घरात एका खोलीला नाव आहे आणि काम नाही. नाव 'बाळंतिणीची खोली'. शेवटची बाळंतीण तिथून उठून बाहेर आली त्याला साठ वर्षं होत आली. ती बाळंतीण म्हणजे माझ्या सासूबाई आणि ते बाळ म्हणजे आमचे हे, जे आता ओटीवर बसून मटार सोलतात आणि निम्मे खातात. पण खोलीचं नाव काही बदललं नाही. "मखर कुठंय?" "बाळंतिणीच्या खोलीत." "जुना पंखा?" "बाळंतिणीच्या खोलीत." दुरुस्तीला न्यायच्या म्हणून ठेवलेल्या पाच छत्र्याही तिथंच होत्या. त्यातल्या दोन मुळात आपल्या आहेत की कुणी विसरून गेलेल्या, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

घर कराडचं, सोमवार पेठेतल्या एका बोळातलं. इथून कृष्णेचा घाट पाच मिनिटांवर. घराला 'वाडा' म्हणायची पद्धत आहे, पण वाडा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं दिंडीदरवाजा आणि चौकातलं कारंजं येतं. वाटण्या होत होत आमच्यापर्यंत जे पोचलं ते एवढंच : ओटी, माजघर, स्वयंपाकघर, त्याला चिकटून ही खोली आणि मागं परस. संडास परसाच्या पार टोकाला. माजघरापासून तिथवर उंबरठे धरून सात चढउतार. गेल्या पावसाळ्यात आई त्यातल्या चौथ्या पायरीवर पडल्या. 'पडल्या' हा शब्द माझा. त्यांचं म्हणणं, "पडले नाही गं, बसले." अर्धा तास बसल्या होत्या, पावसात, हातात टमरेल धरून.

त्या दिवशी रात्री जेवताना मी म्हटलं, बाळंतिणीच्या खोलीत संडास-बाथरूम करून घेऊ या. ह्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी जिथं जन्मलो तिथं...?"

"मग काय झालं?" आई म्हणाल्या. "तेव्हाही तू तिथं दुसरं काय करत होतास?"

प्रश्न मिटला. अंदाजपत्रक लगेच तयार झालं, एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. मोडलेल्या एफडीचे दोन लाख आणि त्यात दोन खोल्या. आता गवंडी येणारच आहे तर स्वयंपाकघराची फरशी आणि ओटाही करून घेऊ, असं मीच पुढं रेटलं होतं. पाइप, कमोड, टाइल, सिमेंट, वाळू, मजुरी अशी एकाखाली एक कलमं मांडून सगळ्यांत शेवटी ह्यांनी लिहिलं, 'किरकोळ – ५,०००'. त्या ओळीकडं बघून तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

खोली मोजली. आतून सात बाय नऊ. बाहेरून मोजली तर अकरा बाय तेरा. चारी भिंती दोन-दोन फुटी असल्यामुळं बांधलेल्या जागेतली निम्म्याहून जास्त जागा भिंतींचीच, आणि उरलेल्यात माणसानं राहायचं. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्या लोकांना मोठ्या खोल्या बांधायला कुणी अडवलं होतं? उत्तर पुढं कळलं. लाकडानं अडवलं होतं. जुनी घरं फुटांत मोजायचीच नाहीत, खणांत मोजायची. खण म्हणजे दोन खांबांच्या, दोन तुळयांच्या मधली जागा. लाकूड पेलेल तेवढाच खण रुंद, त्यापुढं हातपाय पसरायचे तर मधे आणखी एक खांब आला. तेव्हा आमची ही खोली दीड खणाची असण्यात पणजोबांच्या स्वभावाचा दोष नाही, सागाच्या झाडाचा आहे. खण चोळीचा असो, टेबलाचा असो नाहीतर वाड्याचा असो, माप बेताचंच असायचं. त्यात बसवायचं कसब ज्याचं त्यानं बघायचं.

मिस्त्री आले ते पिशवीत ओळंबा, गुण्या आणि थापी घेऊन. साठीचे, किडकिडीत. खोलीत शिरताना त्यांनी न सांगता मान खाली घातली, त्यावरून मी ओळखलं की ह्या माणसाला जुनी घरं ठाऊक आहेत. त्या दाराची चौकट पाच फुटी आहे आणि आमचे हे त्याच घरात जन्मून अजून तिच्यावर कपाळ आपटतात. मिस्त्रींनी भिंतीला ओळंबा लावला. दोरीला लटकलेलं वजन खाली भिंतीपासून चांगलं तीन बोटं लांब राहिलं.

"वैनी, भित वळंब्यात न्हाई."

माझ्या पोटात गोळा आला. "मग?"

"मग काय? पडायची बी न्हाई. तिला सवय झालीया."

मग त्यांनी कोपऱ्यात गुण्या धरला. एक कोपरा उघडा, एक आखडलेला, तिसरा बरा, चौथा पुन्हा उघडा. चारही कोपरे भाऊबंदांसारखे, एका छपराखाली आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. सुतारानं दाराचं माप घेतलं तर वर दोन फूट पाच इंच तीन सूत, मधे दोन फूट पाच इंच आणि खाली दोन फूट चार इंच सहा सूत. एका इंचाची आठ सुतं, म्हणजे फरक तसा बोटभरच. पण सुतार पेन्सिल कानाला लावून उभाच राहिला. "ह्यातलं कुठलं धरू?"

"लहान धर," आई आतून म्हणाल्या. "मोठं धरलंस तर बसेल कसं?"

काम सुरू झालं आणि आमच्या घरात एका वाक्यानं पाय ठेवला. मराठीतली महागडी वाक्यं बरीच आहेत, 'आपल्याच माणसांत काय हिशेब' हे त्यातलंच एक. पण जुन्या घराच्या कामात ह्याच्या तोडीचं दुसरं नाही : "आता फोडलंच आहे तर..." आता फोडलंच आहे तर वायरिंग नवं घालून घ्या. आता फोडलंच आहे तर टाकीची लाइनही आतूनच जाऊ द्या. हे वाक्य कुणीही कधीही म्हणू शकतं. प्लंबर म्हणतो, शेजारी म्हणतात, इचलकरंजीहून फोनवर वन्सं म्हणतात. ते खोटं नसतं हीच त्यातली खरी अडचण. फोडलेलं असतंच. पाचव्या दिवशी मी स्वतः ते वाक्य म्हणाले आणि स्वयंपाकघराला एक नवी खिडकी पडली. ह्यांनी पत्रिकेवर ती 'किरकोळ'मध्ये घातली.

बाळंतिणीच्या खोलीत खालचा चार फूट गिलावा सिमेंटचा होता. भिंतीला ओल येते म्हणून माझ्या सासऱ्यांनी चाळीसएक वर्षांपूर्वी तो करून घेतला होता. परिणाम असा की चार फुटांपर्यंत भिंत ठणठणीत आणि त्याच्या वर, पाचव्या फुटावर, पोपडे आणि लोणा. मिस्त्रींनी ते बघून जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. ओल जमिनीतून वर चढते. मातीची आणि चुन्याची भिंत ती वाटेतच हवेत सोडून देते, म्हणून ती ओली होते आणि सुकते, होते आणि सुकते. सिमेंटनं तिची वाट बंद केली की ती आतल्या आत चढत जाऊन मोकळं अंग सापडेल तिथं बाहेर पडते. सासऱ्यांनी ओल थांबवली नव्हती, एक मजला वर पाठवली होती. "ह्या भितीला परत सिमिट लावू नगा," मिस्त्री म्हणाले. "टाइला लावायच्या त्या बोळाकडच्या भितीला लावू. हिला चुनाच पायजे."

चुना आला. कळीचा चुना, पांढऱ्या ढेकळांचा. मिस्त्रींनी परसात पिंपात पाणी घेतलं, ढेकळं टाकली आणि आम्हाला मागं सरकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पिंप फुसफुसायला लागलं, वाफ आली, पाणी खदखदून उकळलं. खाली ना जाळ ना काही. थंड पाणी असं आपल्याआपण उकळताना बघून माझी पुण्याहून आलेली मुलगी फोन काढायचीही विसरली. हा चुना भिजत ठेवायचा, मुरू द्यायचा, आणि भिंतीला लागल्यावर तो हवेतला कर्बवायू ओढून घेत घेत सावकाश परत दगड होतो. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. सिमेंटला एवढा दम नसतो. मिस्त्री म्हणाले, मुरायला तीन आठवडे तरी द्या. ह्यांनी पत्रिकेकडं बघितलं. तीन आठवडे संडास परसातच.

मग भिंत खरवडायला घेतली. आमच्याकडं रंग लग्नाला लागतो, एरवी नाही. त्यामुळं पापुद्रे निघत गेले तशा वराती उलट्या दिशेनं निघाल्या. वरचा फिक्कट पिवळा आमच्या पुतणीच्या लग्नातला. त्याखाली पिस्त्याचा हिरवा आमच्या लग्नातला. हा रंग मी पहिल्या दिवशी बघितला आणि तेव्हापासून मला तो आवडत नाही, हे पस्तीस वर्षांत बोलायचं राहून गेलं होतं. त्याखाली वन्सांच्या लग्नातला गुलाबी. त्याखाली नीळ घातलेली चुन्याची सफेदी, एकावर एक अनेक हात. आणि त्या सफेदीत, छातीच्या उंचीला, मिस्त्रींच्या पत्र्याच्या पट्टीला काहीतरी वेगळं लागलं. ते थांबले. नखानं उकरलं. कागद होता.

बोटभर रुंद, वीतभर लांब कागदाची पट्टी, आडवी चिकटवलेली. मधोमध फाटलेली. तिच्याखाली दुसरी, तीही फाटलेली. त्याखाली तिसरी, अखंड. तिन्हींवर शाईनं, वळणदार अक्षरात तारीख होती. पहिली १४-१२-६७. दुसरी २-१-६८. तिसरी २०-३-६९. आणि तिन्ही पट्ट्या ज्या रेषेवर आडव्या होत्या ती रेष भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली फरशीपर्यंत गेली होती.

"कोयनेची भेग," ओटीवरून उठून आलेल्या आई म्हणाल्या.

ही भेग घरात सगळ्यांना ऐकून माहीत होती. दिसली कुणालाच नव्हती, कारण दर लग्नाला ती रंगाखाली जायची. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. तिकडं धरणापाशी कोयनानगर कोसळलं, पाटणच्या बाजूला माणसं झोपेत गेली. कराडला भिंती पडल्या, कौलं घसरली. आई ह्याच खोलीत बाजेवर होत्या, बाजेखाली शेगडी आणि कुशीत बारा दिवसांचं बाळ. म्हणजे त्या दिवशी बारसं. आदल्या रात्री घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले होते. "आधी आवाज आला," आई सांगतात, "जात्यावर कुणी दगड दळावेत तसा. मग बाज चालायला लागली." बाज चालायला लागली हे त्या अजून तशाच म्हणतात. सासऱ्यांनी आत येऊन बाळ उचललं आणि बाहेर पळाले. अंगणात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बायको आत राहिली. हा भाग सासरे हयात असताना कधी सांगितला जायचा नाही.

बारसं परसातच झालं, तीन बांबूंच्या तिकाटण्याला पाळणा टांगून. धक्के थांबत नव्हते, म्हणून अख्खी पेठ बाहेरच निजत होती. बारशाला न बोलावता सगळे आलेलेच होते. नाव चांगलं ठेवलं, पण पेठेनं ह्यांना पुढं दहावीपर्यंत भूकंप्या म्हटलं. ह्यांच्या स्वभावात त्या नावाला शोभेलसं काहीच नाही, हा नावाचा दोष.

आता ह्या कागदांचं. भेग जुनी होऊन बसली आहे की अजून हलते आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिच्यावर आडवी काचेची पट्टी घट्ट बसवतात. भेग रुंदावली की काच तडकते. सासरे कचेरीत कारकून, त्यांना हे कुणी इंजिनिअरनं सांगितलं असणार. पण काचेला पैसे पडतात आणि कागदाला पडत नाहीत. भेग हलली की कागदही फाटणारच, तो काही ताणला जात नाही. म्हणून त्यांनी खळ करून कागद लावला, तारीख टाकली आणि वाट बघितली. फाटला. दुसरा लावला. तोही फाटला. तिसऱ्याच्या वेळेपर्यंत सव्वा वर्ष गेलं होतं, भिंत शांत झाली होती आणि सफेदीच्या हातांखाली तो कागद पुढची साठएक वर्षं फाटायचं विसरून गेला होता. मिस्त्रींनी अंगठ्यानं तो हळूच दाबून बघितला. "हितनं फुडं गप बसलीया," ते म्हणाले.

आईंनी फडताळातून सासऱ्यांची जमाखर्चाची वही काढून आणली. मला वाटलं भूकंपाबद्दल चार ओळी तरी असतील. एकच होती : 'भेग तूर्त बुजविली. कायम काम दिवाळीनंतर.' कुठल्या दिवाळीनंतर ते लिहिलं नव्हतं. मी पुढची पानं चाळत गेले आणि मला तो शब्द सगळीकडं दिसायला लागला. 'मोरीचा दगड तूर्त सरकविला.' 'मागील दाराची कडी तूर्त तारेने बांधली.' ती तार अजून आहे, मी रोज सकाळी ती उलगडते आणि रात्री गुंडाळते. 'तूर्त दोन कौले बदलली, बाकी पावसाळा बघून.' दोन लेकरं, म्हातारे आई-वडील आणि कारकुनाचा पगार असलेला माणूस पन्नास वर्षं एका शब्दावर घर उभं ठेवून गेला. 'आता फोडलंच आहे तर' हे वाक्य अख्ख्या वहीत मला एकदाही सापडलं नाही. त्यांनी काही फोडलंच नव्हतं.

खरं अडलं ते उतारावर. संडासाचं पाणी वाहतं ते उतारानं, आणि चार इंची पाइपला दर चाळीस फुटांना एक फूट उतार द्यावा असा प्लंबरचा हिशेब. परसातलं चेंबर खोलीपासून छत्तीस फुटांवर आणि उथळ. म्हणजे पाइपचं खोलीकडचं तोंड पावणेअकरा इंच वर हवं. त्यासाठी खोलीतली फरशी तेवढी उचलायला हवी. म्हणजे दारात पायरी. पायरी चुकवायला संडास घरात आणला, तर घरातच नवी पायरी तयार. प्लंबर हे सगळं भिंतीवर खडूनं काढून दाखवत होता आणि आई मान डोलावत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बोळातनं नाही का जात?" बोळातलं चेंबर बारा फुटांवर होतं. उतार साडेतीन इंचांवर आला, उंबरठ्याएवढा. उंबरठ्याचं काय, तो ऐंशी वर्षं ओलांडलेलाच आहे. मधे फक्त भिंत होती. खालच्या दोन फुटी दगडी भिंतीत चार इंचांचं भोक पाडायला छिन्नी, पहार आणि दोन माणसं, दोन दिवस. तेही 'किरकोळ'मध्ये गेलं.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र फार आवडली. बाथरूमच्या फरशीत पाणी जायला जे बसवतात त्याला प्लंबर, दुकानदार, इंजिनिअर, सगळे 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. देशभर म्हणतात, इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा तोच शब्द छापतात. आपली न्हाणी. घरात आपण तिला केव्हाच बाथरूम करून टाकलं आणि ती बिचारी जाळीखाली जाऊन बसली.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खर्च तिथंच जास्त झाला आणि गंमत कमी. एवढंच की फरशी उचलताना मी सहज मोजलं : खाली शहाबादी गुलबर्ग्याकडची, मांडणी कडाप्प्याची म्हणजे आंध्रातल्या कडप्पाची, नवी घातली ती कोटा राजस्थानातली, आणि डोक्यावरची कौलं मंगळुरी, १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कारखाना काढला त्या जातीची. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात एवढे प्रांत, आणि मी आजवर कराडच्या बाहेर कुठं नेलं नाही म्हणून ह्यांच्याशी भांडत होते.

बाथरूमच्या टाइल लॉटमधल्या आणल्या. दुकानात शिल्लक राहिलेली, पुन्हा न येणारी खोकी मागच्या बाजूला रचलेली असतात, भाव निम्म्याच्या आसपास, बोली एकच की लागतील तेवढ्या मिळतीलच असं नाही. आम्हाला तीन जातींच्या मिळाल्या. टाइलवाला तरुण, हुशार आणि आमच्या कोपऱ्यांवर मनापासून चिडलेला. वाकड्या खोलीत सरळ टाइल लावायची म्हणजे शेवटच्या रांगेत एका टोकाला चार इंचांची पट्टी आणि दुसऱ्या टोकाला एक इंचाची पाचर उरते. त्याची युक्ती मी लक्षपूर्वक बघितली. तो दारासमोरून, जिथं नजर आधी पडते तिथून, पूर्ण टाइलनं सुरुवात करत होता आणि सगळा वाकडेपणा सरकवत सरकवत दारामागं नेत होता. आत जाऊन दार लावून घेतलं तरच तो दिसतो. पाहुण्यांपुढं आमचंही बरंचसं असंच चालतं. उरलेले तुकडे फोडून कमोडभोवतीच्या फरशीला चायना मोझॅक केलं. पाय घसरत नाही, आणि फुटक्या टाइलचा पैसा वसूल.

सगळ्यांत स्वस्त गोष्ट सगळ्यांत शेवटी सुचली आणि ती मिस्त्रींना सुचली. खोली पहिल्यापासून अंधारी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच नाही, बोळाकडं टीचभर झरोका. दिवसाही दिवा लावायचा. मिस्त्री तक्तपोशीच्या दोन फळ्या काढून वर चढले, दोन कौलं काढली आणि त्यांच्या जागी दोन काचेची कौलं ठेवली. दहा मिनिटांचं काम. खाली आम्ही उभे होतो त्यांच्या अंगावर एकदम ऊन पडलं. एका चौकोनात धूळ तरंगताना दिसायला लागली आणि आई वर बघत म्हणाल्या, "अगं बाई, ही खोली एवढी मोठी होती?"

पुढं हिशेब झाला. दोन लाखांचे दोन लाख चौसष्ट हजार. बाकीची सगळी कलमं थोडीफार अंदाजाप्रमाणं होती. 'किरकोळ' सत्तावन्न हजारांवर गेलं होतं. पत्रिकेच्या पाठीवर जागा न उरल्यामुळं शेवटचे आकडे उलटून पुढच्या बाजूला, 'आपले आगमन प्रार्थनीय' ह्याच्या अवतीभवती लिहिले आहेत.

भेग चुन्यानं भरली, तिच्यावर चुन्याचाच गिलावा चढला. आईंची एक अट होती. वर कागद लावायचा. "पण आता ती बुजवली," हे म्हणाले. "तेव्हाही बुजवलीच होती," आई म्हणाल्या. सासऱ्यांची अखंड पट्टी मिस्त्रींनी अलगद सोडवून दिली होती, ती वहीत गेली. ह्यांनी टाइलच्या बिलाची मागची बाजू कापून नवी पट्टी केली, वडलांसारखं वळण काढायचा प्रयत्न करत तारीख टाकली आणि गोंदाच्या कांडीनं चिकटवली.

आई आता रोज सकाळी आत जातात त्या लवकर बाहेर येत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी दारावर टकटक केली. "बरी आहे गं, ऊन यायचंय," आतून आवाज आला. सव्वादहाला काचेच्या कौलांतून येणारा चौकोन कमोडशेजारच्या भिंतीवर पडतो आणि अकराच्या सुमाराला मोझॅकवर उतरतो. त्याला काय बघायचं असतं कोण जाणे. परवा त्या बाहेर आल्या त्या हातात काहीतरी ओलं घेऊन. नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सापडलं म्हणाल्या. कागदाची पट्टी. फाटलेली नव्हती, सबंधच्या सबंध सुटून पडली होती. गरम पाण्याच्या वाफेनं गोंद सुटला होता. शाई पसरून तारीख वाचता येत नव्हती.

मी मिस्त्रींना फोन लावला. भेग हलली असेल का हो? पलीकडं थोडा वेळ शांतता. "कागूद फाटला न्हाई न्हवं?" "नाही, पडला." "मग ती न्हाई हल्ली, गोंद हल्ला."

आईंना ते पटलं, पण पूर्ण नाही. गोंदाच्या कांडीवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. नव्या ओट्यावर त्यांनी पातेलं ठेवलं, कणीक पाण्यात कालवली आणि मला मोरचूद आणायला पाठवलं, खळीत चिमूटभर घातलं की झुरळं कागद खात नाहीत म्हणून. मी दुकानातून आले तेव्हा हे ओटीवर नवी पट्टी कापत होते, ह्या वेळी वीजबिलाच्या पाठीवर, आणि आई पातेल्यासमोर उभ्या होत्या.

"धर जरा," डाव माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "ढवळायचं थांबू नकोस, गुठळ्या होतात. आणि अरे, तारीख पेन्सिलनं घाल, शाई पसरते."